गोड कल्हई

फार जुनी गोष्ट आहे. इतकी जुनी, की तेव्हाच्या राजाचे नाव कुणाला आठवत नाही आणि त्या गावाकडे जाणारी वाटही आता मोडून गेली आहे. तुम्ही लहान असाल तर जरा पुढे सरकून बसा. थोर असाल तर नीट कान द्या, कारण या गोष्टीतली चूक थोरांची आहे. भोगली ती लहानांनी.

त्या गावात लुमाजी नावाचा एक कल्हईकर राहत होता. गावात घरोघर तांब्याची भांडी. तांबे दिसायला देखणे, पण आंबटाशी त्याचे जमत नाही. ताक, चिंच, आमसूल त्यात ठेवले की तांबे हळूहळू त्यात उतरते, अन्न कळकते आणि खाणाऱ्याला ओकाऱ्या होतात. म्हणून भांड्याला आतून कथलाचा थर द्यावा लागतो. कथील सोशीक असते. आंबट त्याला सहजासहजी खात नाही. ते तांब्याच्या आणि अन्नाच्या मध्ये उभे राहते.

लुमाजीचा हात मोठा सफाईचा. अंगणात खड्डा खणून तो भाता लावी, भांडे निखाऱ्यावर तापवी, आत नवसागराची चिमूट टाकी. पांढरा धूर भसकन उठे. मग तापल्या तांब्यावर कथलाची कांडी टेकवून तो कापसाच्या बोळ्याने असा काही हात फिरवी, की बघता बघता भांडे आतून चांदीसारखे उजळे. भोवती बसलेल्या बायका म्हणत, "लुमाजीदादा, तुझ्या भांड्यात तोंड दिसतं बघ."

ही विद्या त्याला बापाने दिली होती आणि विद्येबरोबर एक ताकीदही. बाप म्हणे, "कथलाची कांडी कानाशी धरून वाकव. आतून करकर वाजली तर खरं कथील. शिसं वाकवलं तर वाजत नाही, वर बोटाला काळं लावतं. कल्हईत शिशाचा कण घालू नकोस, बाबा. शिशाच्या भट्टीवरची माणसं म्हातारी होत नाहीत."

लुमाजीने ती ताकीद वीस वर्षे पाळली.

मग एका वर्षी दोन राजांचे भांडण पेटले आणि घाट बंद झाला. कथील घाटापलीकडून, दूरच्या बंदरातून, बैलांच्या तांड्यांवर येत असे. ते येईनासे झाले. शिसे मात्र मुबलक होते. अलीकडच्या डोंगरातल्या खाणीतून हवे तेवढे मिळे. इकडे गावातल्या भांड्यांची कल्हई उडाली. जत्रा तोंडावर आली. बायका लुमाजीच्या दारात भांड्यांचे ढीग लावू लागल्या.

तेव्हा गावचा कुंभार सटवाजी त्याच्याकडे आला. साधा, कमी बोलणारा माणूस. तो म्हणाला, "दादा, माझी मडकी भाजून तयार आहेत. गावाला सांग, कथील येईपर्यंत मातीत शिजवा. तुझा शब्द लोक ऐकतील."

सांगणे सोपे होते. पण लुमाजीच्या डोळ्यांपुढे चित्र आले ते वेगळेच. सगळे गाव सटवाजीच्या दारात उभे आहे आणि आपला भाता थंड पडला आहे. कथील संपले असे हात जोडून सांगायचे, तेही कुंभाराच्या बाजूने! त्याच्या जिवाला ते लागले. "बघतो," एवढेच तो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी त्याने उरलेले कथील मापले. सगळ्या गावाला पुरण्यासारखे नव्हते. त्याने शिशाची लादी आणली, तिचे तुकडे केले आणि कथलाबरोबर कढईत टाकले. दोन्ही वेगवेगळे जेवढ्या आचेवर वितळतात, त्याहून कमी आचेवर ते मिश्रण पाण्यासारखे पातळ झाले. भांड्यावर सरसर पसरले. चकाकी तीच, मेहनत निम्मी.

"एवढं एकच वर्ष," तो मनाशी म्हणाला.

पण बापाची ताकीद तो विसरला नव्हता. हे कसे कळते, सांगू? त्याची एकुलती एक मुलगी ठकू त्याच गावात, खालच्या आळीत दिली होती. शिसे मिसळण्याआधी लुमाजीने निव्वळ कथलाच्या दोन कांड्या बाजूला काढल्या, फडक्यात बांधल्या, आणि ठकूच्या घरच्या भांड्यांना तेवढी त्या कांड्यांनी कल्हई केली. गावाला एक आणि लेकीला एक. त्याने कुणाला ते सांगितले नाही. ठकूलाही नाही.

जत्रा झाली. आठ दिवसांनी पाणवठ्यावर एक बाई त्याला म्हणाली, "लुमाजीदादा, यंदा कल्हईत काय जादू केलीस? गूळ न घालता कढी गोड लागते!"

दुसरी म्हणाली, "आमच्याकडे पोरं आमसुलाचं सार वाटी-वाटी मागून पितात."

मुलांनो, त्यात जादू नव्हती. जे आंबट कथलाला सहसा चावत नाही, ते शिशाला कुरतडते. रोज इवलेसे. आणि शिसे आंबटात उतरले की जो क्षार होतो, तो जिभेला गोड लागतो. जीभ बिचारी गोडाला गोड म्हणते. त्यातले विष ओळखणे तिला येत नाही.

पुढच्या वर्षी राजांचे मिटले. घाट उघडला आणि कथलाचे तांडे आले. लुमाजीने सुटकेचा श्वास टाकला. त्याने पाच घरची भांडी निव्वळ कथलाने केली. चार दिवसांत पाचही घरच्या बायका भांडी घेऊन परत आल्या.

"दादा, ही कल्हई फिकी आहे. अन्नाला गोडी नाही. गेल्या वर्षीची करून दे."

आता गंमत बघा. आदल्या वर्षी कथील नव्हते, ही सबब होती. या वर्षी कथील कोठीत पडून होते. त्या क्षणी त्याने म्हणायला हवे होते, "बायांनो, गेल्या वर्षी माझी चूक झाली." एवढेच शब्द होते. ते त्याच्या घशापर्यंत आले आणि तिथेच राहिले. गावोगावहून लोक आता 'गोड कल्हई'साठी त्याचे नाव विचारत येत होते.

तो उठला आणि शिशाची लादी घेऊन आला.

दोन वर्षे गेली. गावावर हळूहळू कसलीशी छाया पडू लागली. धडधाकट गडी पोट धरून वाकू लागले. माणसांचे चेहरे राखेसारखे झाले. कुणाची भूक गेली, कुणाची झोप. महादबा नावाचा पैलवान होता, त्याची मनगटे अशी लुळी पडली की हात पुढे केला तरी पंजा खाली लोंबे. बायकांच्या कुशी रिकाम्या होऊ लागल्या. जी मुले जगली ती उशिरा चालत, उशिरा बोलत, आणि काही तर बोलेनात.

लुमाजीचे स्वतःचे पोट दुखे. धूर तर तोच सगळ्यांत जास्त गिळत होता. कधी कधी पहाटे त्याला बापाचा आवाज आठवे आणि तो उठून बसे.

त्यातच ठकूचे पहिले मूल पोटातच गेले.

लुमाजी रडला. पण रडता रडता त्याच्या मनात एक विचार आला आणि तो त्याला घट्ट धरून बसला. ठकूच्या घरी तर निव्वळ कथील! तिच्या भांड्यात शिशाचा कण नाही. तरी तिच्याही घरी तेच झाले. मग दोष शिशाचा नसणार. हवेचा असेल, पाण्याचा असेल, नशिबाचा असेल. माझा नाही.

बुडत्याला काडीचा आधार म्हणतात. ही काडी त्याने इतकी आवळून धरली, की ती खरी आहे का हे एकदा तपासून बघावे, असे त्याला वाटलेच नाही.

गाव कारण शोधत होते. शोधता शोधता लोकांच्या लक्षात आले, की एका घरात आजार नाही. सटवाजीच्या घरात पाच माणसे, पाचही ठणठणीत. पोरे उड्या मारत होती, म्हातारी आई दळण दळत होती. कुणीतरी म्हणाले, "आपली माणसं झिजतात आणि ह्यांना साधा ताप येत नाही. हे काय सरळ आहे होय?" दुसरा म्हणाला, "करणी आहे." तिसऱ्या दिवशी सगळे गाव तेच म्हणत होते.

चावडीपुढे माणसे जमली. सटवाजीला मध्ये उभे केले. तो गोंधळून म्हणाला, "अहो, आम्ही काय वेगळं करतो? तुमची विहीर तीच आमची विहीर. तुमच्याच शेतातली ज्वारी आम्ही खातो. आम्ही मडक्यात शिजवतो, एवढंच काय ते."

आम्ही मडक्यात शिजवतो! त्या एका वाक्यात सगळे होते. शंभर माणसांनी ते ऐकले आणि कुणालाच ऐकू आले नाही. एकट्या लुमाजीला ऐकू आले.

पाटील त्याच्याकडे वळले. "लुमाजी, तू घरोघर फिरतोस. शहाणा माणूस आहेस. तुला काय वाटतं?"

सगळ्या माना त्याच्याकडे वळल्या. सटवाजीचीही वळली. त्याच्या नजरेत भीती नव्हती. हा आपल्या बाजूने बोलेल, असा भरवसा होता.

लुमाजीने ठकूच्या त्या रिकाम्या कुशीची आठवण काढली आणि काडी पुन्हा आवळली. खाली बघत तो म्हणाला, "गावाला जे दिसतं, तेच मला दिसतं."

दुपारच्या आत सटवाजीच्या घराला कुलूप लागले. बायको, पोरे, म्हातारी, दोन गाठोडी घेऊन तो वेशीबाहेर पडला. मडकी घडवायचे चाक जड होते. ते उचलणे झाले नाही. लोकांनी ते फोडून टाकले.

आजार काही गेला नाही. जायचा कसा?

ठकूला पुन्हा दिवस गेले आणि या खेपेस मुलगा झाला. त्याचे नाव भिवा. लुमाजीच्या अंधारल्या घरात दिवा लागल्यासारखे झाले. पण भिवा दोन वर्षांचा झाला, तीन वर्षांचा झाला, चार वर्षांचा झाला, तरी त्याच्या तोंडून शब्द फुटेना. हाक मारली तर वळून बघत नसे. दिवसभर भिंतीचे पोपडे काढून खाई, मधेच पोट आवळून किंचाळे. लुमाजी त्याच्यापुढे बसून पुन्हा पुन्हा म्हणे, "आजोबा म्हण, राजा. आ-जो-बा." भिवा त्याच्याकडे बघे, पण ती नजर कुठे पोचत नसे.

अशात गावात एक म्हातारी वैदीण आली. काठी टेकत गावोगाव फिरायची, झाडपाला द्यायची. ठकूने भिवाला तिच्यापुढे नेले. उचलून आणला होता लुमाजीनेच.

वैदिणीने पोराचे डोळे पाहिले, पोट चाचपले. मग अंगठ्याने ओठ वर करून ती बराच वेळ हिरड्यांकडे बघत राहिली. दातांच्या मुळाशी निळसर काळी रेघ होती, शाईने ओढल्यासारखी.

"पोरी, याला काय भरवतेस?"

"ताकातल्या कण्या, माई. आणि सार. दुसरं काही घेतच नाही. गोड लागतं ना त्याला."

"ज्यात शिजवतेस ते भांडं आण."

ठकूने पातेले आणले. वैदिणीने आतून नखाने ओरखडा काढला, मग पांढऱ्या फडक्याने घासले. फडके काळे झाले.

"ही कल्हई कुणी केली?"

"माझ्या बाबांनी," ठकू म्हणाली.

लुमाजी पुढे झाला. पातेले हातात घेऊन त्याने उलटेसुलटे केले. "हे ठकूचं नाही!" तो ओरडला. "ठकूच्या भांड्यांना मी निव्वळ कथील वापरलंय. दर वर्षी! हे तिचं नाहीच!"

बोलून गेला आणि मग त्याला कळले, की आपण काय बोलून गेलो.

ठकू त्याच्याकडे वळली. हळूच म्हणाली, "माझं नाहीच ते. शेजारच्या जिजीचं आहे. बाबा, पहिल्याच वर्षी सगळ्या गावाची कढी गोड आणि माझीच फिकी. मला वाटलं, लेकीचं काम म्हणून तुम्ही घाईत उरकलं असेल. तुमचं मन दुखवायला नको म्हणून बोलले नाही. जिजीला मेलं सगळं फिकंच आवडतं. तुम्ही कल्हई करून गेलात की आम्ही भांडी बदलतो. दर वर्षी."

जिजी ऐंशीच्या पुढची होती, एकटीच राहायची, म्हणून निरोगी घर शोधताना कुणी तिला मोजले नव्हते. सगळ्या आळीत तीच एकटी अजून आपले पाणी आपण भरत होती.

"म्हणजे," ठकू म्हणाली, "कुठल्या भांड्यात काय आहे, ते तुम्हाला ठाऊक होतं?"

लुमाजीने पातेले खाली ठेवले.

"म्हणून माझ्यासाठी वेगळं ठेवलंत?"

ठकू थांबली नाही.

"मग त्या दिवशी चावडीवर सटवाजीकाका उभे होते तेव्हा?"

लुमाजी वैदिणीकडे वळला. वैदिणीच्या पायाशी डोके टेकून म्हणाला, "माई, माझं काय व्हायचं ते होऊ दे. पोराला औषध दे."

वैदीण म्हणाली, "ते भांडं बंद कर, पोटदुखी कमी होईल. पण शिसं हाडात जाऊन बसलंय. हाडाला चुना लागतो. शिसं चुन्याचं सोंग घेऊन येतं आणि हाड त्याला घरात घेतं. वर्षानुवर्षं ते तिथं राहतं. आणि वाढत्या डोक्याचं जे गेलं, ते परत आणायला माझ्याकडे पाला नाही. कुणाकडेच नाही."

त्या संध्याकाळी लुमाजी आपल्या पायाने चावडीवर गेला आणि त्याने सगळे सांगितले. कथील संपल्यापासून सटवाजीपर्यंत, काही मागे ठेवले नाही. लोक ऐकत राहिले. कुणी शिवी दिली नाही, दगड मारला नाही. पैलवान महादबा तेवढा पुढे आला. त्याने लुमाजीला मारायला हात उचलला, पण मनगट खाली लोंबले. तो आपल्या हाताकडे बघत तसाच उभा राहिला आणि हुंदके देऊ लागला. लुमाजीला वाटले, याने मला मारले असते तर बरे झाले असते.

गावाने भांडी उचलली आणि जुन्या खाणीच्या खड्ड्यात नेऊन टाकली. आता शिजवायचे कशात? मडकी हवी होती, आणि मडकी करणारा गावाने हाकलला होता.

लुमाजी सटवाजीला शोधायला निघाला. तिसऱ्या दिवशी नदीकाठच्या एका वस्तीत त्याला सटवाजीची बायको सापडली. ती दारात बसून चाकाशिवाय, नुसत्या हातांनी मडके थापत होती. तिने त्याला ओळखले.

"सटवाजी कुठं आहे, वहिनी?"

"ते पहिल्याच हिवाळ्यात गेले. चाक नव्हतं ना. दगडाच्या खाणीवर मजुरीला जायचे. दरड कोसळली."

लुमाजीने तिचे पाय धरले. सगळे सांगितले. सांगून झाल्यावर तिने पाय मागे घेतले. ती म्हणाली, "जायच्या आदल्या रात्रीपर्यंत ते म्हणत होते, लुमाजीदादाला बोलायचं होतं, पण गावापुढं त्याचं चाललं नसेल. बरं झालं, हे ऐकायला ते नाहीत." मग आत जाऊन तिने एक मडके आणले आणि त्याच्यापुढे ठेवले. "हे पोराला घेऊन जा. पोराचा काय दोष? तुला मात्र मी माफ केलं, असं समजू नकोस."

मडके पोटाशी धरून लुमाजी तीन दिवस चालत परत आला. ठकूने ते त्याच्या हातून घेतले, त्याच्याकडे पाहिले नाही. तिने मडक्यात ताकातल्या कण्या शिजवल्या आणि भिवाला मांडीवर घेऊन घास भरवला.

भिवाने घास तोंडात घेतला आणि थुंकला. त्याला ती चव ओळखीची नव्हती. ठकूने दुसरा घास दिला. तोही त्याने थुंकला आणि वाटी ढकलून दिली. मग त्या घरात पातेले ठेवायची जी जागा होती, तिकडे हात करून तो रडू लागला. शब्द नव्हते, नुसते रडणे. ठकू तिसरा घास घेऊन बसली, मग चौथा. लुमाजी उंबऱ्याबाहेर उभा राहून बघत होता. त्याला कुणी आत ये म्हणाले नाही, आणि आयुष्यभर पुन्हा कधी म्हणाले नाही.

तात्पर्य : चूक कळली त्याच दिवशी सांगितलेले खरे औषधासारखे असते, उशिरा सांगितलेले खरे नुसते खरे उरते, ते कुणाला वाचवत नाही.